मेहुण्याची बादली

माझा मेहुणा दिसायला चांगला आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी आकसाने बोलतोय. उंच आहे, दात सरळ आहेत, आवाज गोड आहे. स्वयंपाक येतो, बाळाचा लंगोट बदलता येतो, रडणारं पोर खांद्यावर घेतलं की दोन मिनिटांत गप्प करता येतं. सहा फुटांच्या या माणसाला माझी बायको अजून छोट्या म्हणते. एकच गोष्ट त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे नोकरी. ती शोधायला तो आमच्या शहरात आला आणि अर्थातच आमच्या घरात उतरला. बायकोचा धाकटा भाऊ तो. त्याला बाहेर कुठे राहा म्हणायची माझी काय टाप!

घर आमचं भाड्याचं, तळमजल्यावरचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बेकरीचं कोठार. तिथे पिठाची पोती, साखरेची पोती, बिस्किटांचा चुरा. उंदीर जेवायला तिकडे आणि फिरायला आमच्याकडे. घरमालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही खरकटं ठेवत असाल." बेकरीवाल्याला सांगितलं तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "शपथ सांगतो साहेब, आमच्याकडे एकसुद्धा उंदीर नाही." त्याचं खरंही असेल. सगळे आमच्याकडेच होते ना!

आणि घरात दोन लहान पोरं. थोरली भिंगरी, पाच वर्षांची. एका जागी उभी म्हणून राहत नाही, म्हणून ते नाव पडलं. धाकटा गोटू, नुकताच धरून उभा राहायला लागलेला. तो जमिनीवर दिसेल ते तोंडात घालतो. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, उंदरांपासून काय काय होतं ते तिला तोंडपाठ. गोटूच्या दुधाच्या बाटलीचं बूच एका सकाळी कुरतडलेलं सापडलं, तेव्हा ती अशी पांढरी पडली की मला वाटलं आता इथेच चक्कर येऊन पडते. पण विष आणायचं नाही, असं तिचं फर्मान. "गोटूने उचलून खाल्लं तर?" बरोबरच होतं.

मग मी चिकट पुठ्ठा आणला. दुकानदार म्हणाला, सोपं काम आहे, रात्री ठेवा, सकाळी फेकून द्या. सकाळी फेकून द्या म्हणे! सकाळी त्या पुठ्ठ्यावर एक उंदीर जिवंत अडकला होता आणि एवढ्याशा जिवातून असा ओरडत होता की कानात सुई घातल्यासारखं होत होतं. मी काय करणार? पायातली चप्पल काढली आणि मारला. एका फटक्यात मेला नाही. वर बघितलं तर दारात भिंगरी उभी, हातात पाण्याचा पेला.

ती रडली नाही, हेच वाईट. त्या दिवसापासून ती माझ्या मांडीवर बसेना. मी कामावरून आलो की खिडकीशी धावत यायची, ते बंद झालं. जेवताना माझ्या शेजारची जागा सोडून आईच्या पलीकडे जाऊन बसायची. एकदा मी आंघोळीला गेलेलो असताना तिला आईशी बोलताना ऐकलं. "आई, बाबाची चप्पल बाहेर ठेव ना." बायको म्हणाली, "अगं, बाबा तुला कधी मारेल का?" त्यावर पोरगी काहीच बोलली नाही. मी नळ सोडून तसाच उभा राहिलो.

अशा घरात मेहुणा आला.

आल्या आल्या त्याने काय करावं? बादली मागितली. बादलीच्या कडेवर एक फळी टेकवली, तोंडावर आडवी सळई टाकली, सळईत एक रिकामी बाटली ओवली आणि बाटलीला शेंगदाणे वाटून फासले. उंदीर फळीवरून चढतो, शेंगदाण्यांसाठी बाटलीवर उडी मारतो, बाटली गर्रकन फिरते आणि स्वारी बादलीत. तळाशी त्याने जुन्या चिंध्या घातल्या होत्या. का, तर उंदराला लागू नये!

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत दोन उंदीर. भिंगरी मामाच्या पाठीमागून वाकून बघत होती. मामाने तिला कडेवर घेतलं आणि म्हणाला, "बघ, त्याच्या मिशा कशा हलतात. घाबरलाय बिचारा. आपण याला गावाबाहेर सोडून येऊ या?" आणि ही दोघं खरोखर बादलीवर ताट झाकून उंदीर सोडायला निघाली. मी कामाची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होतो. कोणी मला विचारलंही नाही, येतोस का म्हणून.

मग हे रोजचंच झालं. उठल्या उठल्या "मामा, बादली!" उंदरांना नावं द्यायची, सोडून यायचं, येताना मामाच्या खांद्यावर बसून गाणी म्हणायची. बायको कौतुकाने बघायची. "छोट्याला किती सुचतं नाही, अहो?" मी म्हणायचो, "हो, सुचतं खरं." आणि पोळलेल्या जिभेने चहा गिळायचो. गोटूसुद्धा फितूर. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मामा". बायको म्हणाली, अहो, सगळ्याच पोरांना म म आधी येतं. येत असेल. पण तो शब्द बोलताना तो कोणाकडे बोट दाखवत होता, ते मी पाहिलं होतं.

जळलो मी. सरळ सांगतो. माझ्याच घरात, माझ्याच बादलीने हा माणूस माझ्या पोरीचा बाप होत चालला होता आणि वर मलाच "दाजी, चहा टाकू का?" असं विचारत होता. चांगला वागत होता ना, तेच सहन होत नव्हतं. नालायक असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

बादलीने उंदीर कमी झाले, पण थांबले नाहीत. मग मेहुण्याने भोकं शोधली. बेकरीकडच्या भिंतीत, सिंकखालच्या पाइपाभोवती, ओट्याच्या कोपऱ्यात. आणि त्यांत कोंबल्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्या! भिंतीतून काळ्या-चंदेरी तारांची जटा बाहेर लोंबत होती. बायको म्हणाली, "दिसतं घाणेरडं, पण चालेल."

आता यावर मात्र मी गप्प कसा बसणार? अहो, मी काचा बसवतो. जुन्या लाकडी खिडक्या हे माझं खास काम. काच चौकटीत बसवायची आणि कडेने पुट्टीची अशी रेघ ओढायची की बोट फिरवलं तर कुठे खाच लागता कामा नये. पुट्टीही मी बाजारची वापरत नाही. खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन स्वतः मळतो, लोण्यासारखी होईपर्यंत मळतो. शहरातले मोठमोठे बंगलेवाले मला शोधत येतात. आणि माझ्या घरातली भोकं कोण बुजवणार? नोकरी नसलेला मेहुणा, घासण्यांनी!

एका दुपारी तो मुलाखतीला गेलेला आणि बायको दुकानात, पोरं शेजारच्या आजींकडे. मी काम लवकर आटपून घरी आलो. त्याच्या सगळ्या घासण्या उपटून कचऱ्यात टाकल्या आणि एकेक भोक माझ्या पुट्टीने भरलं. खोलवर भरलं, दाबून भरलं, वरून पातं फिरवून भिंतीशी सपाट केलं. इथे भोक होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. संध्याकाळी बायकोने हात फिरवून पाहिला. "वा!" म्हणाली. मेहुणाही गुडघ्यांवर बसून बघत राहिला. "दाजी, काय हात आहे तुमचा! मला नसतं जमलं." ते ऐकून मला गार वाटलं. भिंगरीकडे बघितलं, पण ती मामाच्या पाठीवर घोडा-घोडा खेळण्यात गुंग.

आणि मग उंदीर वाढले.

वाढले म्हणजे किती? आधी चाहूल लागली की पळायचे, आता आमच्या अंगावरून गेल्यासारखे जायचे. ओट्यावर लेंड्या, भिंगरीच्या दप्तरात लेंड्या. बादलीकडे तर ते ढुंकूनही बघेनात. मला काही कळेना. पण कळत नसलं तरी तोंड चालवता येतं. मी मेहुण्यावर घसरलो. "तुझ्या त्या शेंगदाण्यांच्या वासाने सगळ्या बेकरीचे उंदीर इकडे लोटलेत! रोज मेजवानी घातल्यावर दुसरं काय होणार?" त्याचा चेहरा उतरला. त्याने बादली उचलली, घासूनपुसून मोरीत ठेवली. भिंगरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली.

बादली गेली आणि त्याच आठवड्यात ते झालं. भरदुपारची वेळ होती, सुट्टीचा दिवस. गोटू झोपला होता. बायकोने त्याच्या अंगावरचं दुपटं सारखं करायला उचललं आणि त्याच्या पायाजवळून एक उंदीर निघून पळाला. ती ओरडली नाही. तिने गोटूला उचललं, त्याचे पाय, बोटं, कानाच्या पाळ्या, सगळं उजेडात धरून नीट तपासलं. मग त्याला छोट्याकडे दिलं आणि स्टूल ओढून कपाटावरची बॅग खाली काढली.

"अगं, काय करतेस?" मी म्हणालो.

"छोट्याच्या मुलाखती संपल्यात. रविवारी तो घरी चाललाय. मी पोरांना घेऊन त्याच्याबरोबर जाते."

"किती दिवस?"

"उंदीर जाईपर्यंत. नाहीतर तुम्ही दुसरं घर बघेपर्यंत. झोपेत याचं बोट कुरतडलं असतं म्हणजे काय केलं असतं आपण, सांगा ना!"

दुसरं घर मिळायला किती वणवण करावी लागते ते आम्ही दोघांनी भोगलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच येत होतं. माझ्या सासुरवाडीचं अंगण, मामाचं बोट धरून पहिलं पाऊल टाकणारा गोटू, मामाच्या खांद्यावर भिंगरी, आणि मी इथे रिकाम्या घरात. दोन-तीन महिन्यांत माझी पोरगी माझा आवाजसुद्धा विसरली असती. आठवण ठेवावी असं माझ्याकडून तिला मिळालं तरी काय होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखाली हात घालून मी गॅसची नळी बघत होतो. बोट सहज माझ्या पुट्टीवर गेलं आणि खरखरीत लागलं. मी बॅटरी आणली. पुट्टीत दातांच्या रांगा! बारीक, ओळीने उमटलेल्या, कडेपासून आतपर्यंत. निम्मी पुट्टी जागेवर नव्हतीच. दुसरं भोक बघितलं, तेही तसंच. तिसऱ्यात तर आरपार उजेड.

खाल्ली होती. माझी पुट्टी उंदरांनी खाल्ली होती. जवसाचं तेल हो, आणि खडू! इतक्या वर्षांचा माझा धंदा. ताज्या पुट्टीला चिमण्या चोची मारतात म्हणून आम्ही खिडकीला कागद डकवून ठेवतो. हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि माझ्या डोक्यात आलं नाही की चिमणी खाते ते उंदीर का खाणार नाही! मेहुण्याने शेंगदाण्याचं नुसतं बोट चाटवलं होतं, मी भिंतभर ताटं मांडून ठेवली होती. आणि वर त्यालाच बोललो होतो, सगळ्यांदेखत.

सांगितलं का मी घरात? छे. कोणत्या तोंडाने सांगणार? दिवसभर कामावर मन लागेना. एक काच कापताना तडकली, गिऱ्हाईक कुरकुरलं. शेवटी हत्यारं गुंडाळली, वाटेत दुकानातून तारेच्या घासण्या घेतल्या आणि पिशवीच्या तळाशी लपवल्या. ठरवलं की गुपचूप भरून टाकायच्या. मेहुण्याचीच युक्ती, पण माझ्या हाताने. ती तरी माझी होऊ दे.

घरी आलो तर सिंकखालून दोन लांबलचक पाय बाहेर आलेले.

"काय चाललंय?" मी म्हणालो.

मेहुणा दचकला, डोकं पाइपावर आपटलं. "अरे, दाजी! लवकर आलात?" तो सरपटत बाहेर आला. केसांत जळमटं. शेजारी वर्तमानपत्रावर माझी उष्टी पुट्टी कोरून काढून ठेवलेली, दातांच्या खुणा दिसतील अशी. भोकांत परत तारा गच्च भरलेल्या आणि वरून, माझ्याच डब्यातली पुट्टी काढून, त्याने पातळ थर द्यायला घेतला होता. पाव कापायच्या सुरीने! इतकं वेडंवाकडं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"वर पुट्टी कशाला?" मी विचारलं. "तीही खातील."

म्हणजे मलाही माहीत होतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "खाऊ देत. आत तार लागली की दात आंबतील. पुट्टी ताईसाठी आहे. वरून तुमचं काम दिसलं पाहिजे ना. तुम्हीच परत भरलं म्हणून सांगतो मी. भिंगरीलाही."

"का?"

त्याने मान खाली घातली. "ती तुमच्याजवळ येत नाही, ते मला बघवत नाही दाजी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे आता माझी कीवसुद्धा हाच करणार! पोरगी याने घ्यायची, गोटूचा पहिला शब्द याने घ्यायचा, आणि मग उरलेलं माझ्या पदरात टाकायचं, ते असं, चांगुलपणाने! मी तोंड उघडणार तेवढ्यात दार वाजलं आणि बायको पोरांना घेऊन आत आली.

"ताई, झालं काम!" मेहुण्याने हात पाठीमागे लपवले. "दाजींनी सगळी भोकं नव्याने बुजवली. आता एक उंदीर येत नाही बघ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या मागून, पदराआडून यावी तशी, भिंगरी पुढे आली आणि तिनेही पाहिलं. किती दिवसांनी पोरीने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं. मी नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. पण त्याच्या हातचं दान घेऊन पोरगी मिळवायची? मला नाही जमलं ते.

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडलोच. "मी नाही, तुझ्या मामाने बुजवली. आधीही त्यानेच बुजवली होती, मी ती उपटून टाकली. माझी पुट्टी उंदरांनी खाल्ली! म्हणून वाढले ते. शेंगदाण्यांनी नाही, माझ्यामुळे वाढले. जा आता, जायचं तर जा सगळे त्याच्याबरोबर!"

मेहुणा भिंतीकडे बघत होता. मी खुर्चीत बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो, कारण कुठेतरी बघायला तर हवंच होतं.

"खाल्ली?" भिंगरी म्हणाली.

"हो."

"तुझी पुट्टी? खिडकीची?"

"हो गं बाई, हो."

"मग तू ओरडलास त्यांना?"

"मला कळलंच नाही ना. रोज येऊन खात होते."

"रोज?" ती एक पाऊल पुढे आली. "पोटभर?"

"सगळी खाल्ली. आरपार."

"काय असतं त्यात?"

"खडूची पूड. आणि तेल."

"आणि तू मळतोस ती? हाताने?"

"हाताने."

भिंगरीने आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे मोठे झाले होते की मला वाटलं आता रडणार. आणि ती फुस्सकन हसली. "आई! बाबाने उंदरांना खाऊ केला!" असं म्हणून ती इतकी हसली की तिला उभं राहवेना. हसत हसत येऊन माझ्या गुडघ्यांवरच आदळली. मी हात लावला नाही. मला भीती वाटली, लावला तर उठून जाईल. पण ती आपणहून चढली, मांडीवर नीट बसली आणि माझ्या हाताची बोटं उलगडून बघायला लागली, तेलाचा वास येतो का म्हणून नाकाशी धरायला लागली.

बायको तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती. "लोकांचे नवरे उंदीर घालवतात," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने पोसले." मग डोळे पुसून म्हणाली, "रविवारपर्यंत एकही दिसला नाही तर थांबते मी. पण एकही नाही हं!"

"दिसणार नाही," मेहुणा आणि मी एकदमच म्हणालो.

भिंगरीला त्याचं काही नव्हतं. तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. पुट्टी गोड असते का, छोट्या उंदरांनाही मिळाली का, मला पुन्हा करून दाखवशील का. मेहुणा कौतुकाने पुढे झाला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अगं, आणि आपण शेंगदाणे दिले होते ते विसरलीस होय? चल, बादली काढू या परत?"

"नको," भिंगरी म्हणाली. "तू शेंगदाणे दाखवायचास आणि त्यांना पाडायचास. बाबाने नुसतं दिलं."

तो हसला, पण हसू नेहमीसारखं आलं नाही. हात गुडघ्यांवर तसेच राहिले, नजर क्षणभर तिच्यावर, मग माझ्यावर. जळला होता. जरासाच, पण जळला होता. ते तोंड मी बरोबर ओळखतो, दाढी करताना रोज आरशात तेच बघत होतो. मी भिंगरीला आणखी जवळ ओढलं आणि म्हणालो, "छोट्या, चहा टाकतोस का रे?"